भिंतीला खिळा नको

"हॅलो?… हां, बोल. नाही, थांब, तू बोलू नकोस, आधी मी बोलतो. बातम्या पाहिल्यास का?… मग लाव की टीव्ही!… अरे हो. तिकडे टीव्ही नाही. मीच म्हटलं होतं, एका माणसाला कशाला हवा. बरं, ऐक. अगं ऐक ना! कर गेला!… कुठला म्हणजे? आपला! दुसऱ्या घरावरचा. रद्द! मंत्र्यांनी स्वतः सांगितलं, मागे झेंडेबिंडे लावून. आणि रिकाम्या घराला दुप्पट लागत होता ना, तोही रद्द. भाडेकरूंचं कलमही सैल करणार आहेत. बाजाराला चालना द्यायची आहे म्हणे… हो, हो, तेच मंत्री. बाजाराला वेसण घालायची होती, तेव्हाही तेच होते. ते जाऊ दे गं. म्हणजे संपलं सगळं! तू आता घरी येऊ शकतेस!"

भूगोलाचे सर उभ्या उभ्या बोलत होते. दुपारी बातमी ऐकल्यापासून ते दोनतीनदा फोनपाशी येऊन परत गेले होते. बायको चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची, आणि काच घासायच्या वेळी कुणी फोन केलेला तिला खपत नसे. संध्याकाळी तिचाच फोन वाजला तेव्हा सरांना वाटलं, बातमी तिलाही कळली असणार. गेली पावणेदोन वर्षं सर एका फ्लॅटमध्ये राहत होते आणि बायको शहराच्या दुसऱ्या टोकाच्या फ्लॅटमध्ये. भांडण झालं नव्हतं. गृहनिर्माण धोरण झालं होतं.

"काय?… ड्रिल मशीन?"

सरांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"माळ्यावर असेल. नाहीतर गॅलरीतल्या पेटीत. पण तुला आता ड्रिल कशाला हवंय? पलंग सोडवायचा तर साधा पाना पुरतो… नाही? मग?… शेल्फ? काढायचंय की… लावायचंय? कुठे लावायचंय?… अगं, भिंतीला?"

त्या भिंतींना खिळा मारायचा नाही, हा सरांचा नियम होता. फ्लॅट घेतला त्या दिवसापासूनचा. तेव्हा सगळेच घेत होते. न्हावी वस्तरा गळ्याशी धरून सांगायचा की त्याने दोन बुक केलेत, आणि अशा अवस्थेत माणूस वाद घालत नाही. शाळेतले गणिताचे सर मधल्या सुट्टीत चौरस फुटाचा भाव सांगायचे, आणि भाव चढलेला असला की त्या दिवशी गृहपाठ द्यायला विसरायचे. सरांना फ्लॅट दाखवणारा एक दलाल होता. आपले दोन टक्के सोडून तो दुसऱ्या कशाबद्दल फार वेळ बोलू शकत नसे, म्हणून घरात त्याचं नावच 'दोन टक्के' पडलं होतं. सॅम्पल फ्लॅटच्या गॅलरीत उभा राहून तो म्हणाला होता की सर, तुम्हाला मी काय सांगायचं, जमीन काही नवी तयार होत नाही. सर तिथेच विरघळले. ज्वालामुखीतून वर आलेली बेटं, नदीच्या मुखाशी साचत जाणारा गाळ, समुद्र मागे हटवून घातलेली भर, हे सगळं ते आठवीच्या वर्गाला वर्षानुवर्षं शिकवत आले होते. त्या दिवशी त्यातलं काही म्हणजे काही त्यांना आठवलं नाही.

ते घर राहण्यासाठी नव्हतं, वाढण्यासाठी होतं. म्हणून भिंती पांढऱ्या, ओट्यावर तेलाचा थेंब नको, आणि खिळा तर नकोच. घेणाऱ्याला कोरं घर आवडतं.

"नाही गं, चिडत नाहीये. मी कुठे चिडलो?… आवाज असाच आहे माझा, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. ते सोड. मुख्य गोष्ट राहिलीच. दोन टक्केचा फोन आला होता!… हो, आहे अजून. मलाही वाटलं होतं, धंदा सोडला. मधे गाद्या विकत होता म्हणे. तर त्याच्याकडे गिऱ्हाईक आहे. बातमी येऊन तास झाला नाही तोवर! आपण घेतला त्याच भावाला मागतोय… नाही, फायदा नाही. पण तोटाही नाही ना! हप्त्यांचं व्याज सोडून… हो, व्याज सोडायचं म्हणजे सगळंच सोडायचं, मान्य. पण सुटतो ना आपण! तो म्हणाला, सर, भिंती कशा आहेत? मी म्हटलं, कोऱ्या करकरीत. अजून एक खिळा… हॅलो?… हसलीस का? मला वाटलं हसलीस… किती?… अकरा?"

सरांनी समोरच्या, म्हणजे आपल्या घराच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे इतक्या वर्षांत चार होते.

"माणसाला अकरा खिळे लागतात कशाला?… छत्री. बरं. पिशव्या… किल्ल्या… आरसा? तो मोठा आहे गं, त्याला खिळा पुरायचा नाही, पडेल… हो, म्हणूनच ड्रिल. कळलं. नाही, कळलं मला… रंगवली? कुठली?… पिवळी? अगं, तुला किती वेळा सांगितलं, घेणारा पांढरी… अख्खी खोली?… एकच भिंत. बरं. एकाच भिंतीला काय, पुन्हा हात मारता येईल. दोन डबे रंग. गिऱ्हाईक रविवारी येणार आहे, तोवर वाळेल.… हो, सही मात्र तुझी लागेल. नाव तुझं आहे ना… मीच घातलं, हो. बाईच्या नावावर नोंदणीची फी कमी होती… असं म्हणालो होतो मी? तुला भेट म्हणून?… म्हणालो असेन. दोन्ही होतं गं. प्रेमही होतं आणि सवलतही."

ही सवलत ही सुरुवात होती. पुढे व्याजदर वाढले तसा हप्ताही फुगला. आणि मग धोरण आलं. लोकांना राहायला घरं नाहीत आणि गुंतवणूकवाले आपापल्या फ्लॅटांना कुलपं लावून भाव चढायची वाट पाहत बसलेत, असं सरकारच्या लक्षात आलं. यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून तर ते झोंबलं. एका कुटुंबाला एक घर माफ. दुसऱ्यावर कर. दुसरं रिकामं असेल तर दुप्पट. भाड्याने द्यावं, तर भाडं सरकार ठरवणार आणि आत आलेला भाडेकरू वर्षानुवर्षं हलवता येणार नाही. विकावं, तर कालचे घेणारे एका रात्रीत विकणारे झाले होते. न्हावीसुद्धा खालमानेने दाढी करू लागला.

अशा वेळी सरांनी एक काम केलं, जे बाकी गुंतवणूकवाल्यांपैकी कुणीच केलं नाही. त्यांनी धोरण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. आणि त्यात त्यांना फट सापडली. एका कुटुंबाला एक घर माफ. म्हणजे दोन कुटुंबं असली की दोन घरं माफ. नवराबायकोला वेगळं राहायला कुणाची परवानगी लागत नाही. वकील नको, कोर्ट नको. वेगळा पत्ता, वेगळं वीजबिल, वेगळी चूल, बस. तिच्या वतीने अर्जही सरांनीच भरला. कुटुंबप्रमुख: स्वतः. सदस्यसंख्या: एक. अक्षर सुरेख आलं होतं. सहा महिने काढ, म्हणाले, तोवर धोरण पडतंच.

"तेच तर म्हणतोय, कुटुंबप्रमुखबाई! आता आपलं संस्थान खालसा करा आणि या!… विनोद केला गं… नाही, माझी कसली घाई. म्हणजे, थोडी आहे. दोन टक्के म्हणतो, महिन्याभरात सगळेच विकायला काढतील, मग आपल्याला कुत्रं विचारणार नाही… काय नको?… नको म्हणजे, रविवार नको की गिऱ्हाईक नको?… तू विचार तर कर… केलास? कधी केलास? बातमी आत्ता दुपारी आली… बातमीच्या आधीच?"

सर चपलांच्या बुटक्या कपाटावर बसले. ते बसण्यासाठी नव्हतं, ते करकरलं. आत फक्त पुरुषी चपला होत्या, तेही धोरणाप्रमाणेच.

"लेकीला माहीत आहे?… कधी सांगितलंस?… मागच्या महिन्यात. अच्छा. मला म्हणाली, बाबा, तुम्ही आईला फोन करत जा. मी म्हटलं, करतो की. मला वाटलं, नुसतीच काळजी… हं. बरं, पण का, ते तरी सांगशील? दुकान जवळ पडतं, ते ठीक. चालत जातेस, मान्य. इथून दोन बस बदलायला लागायच्या… हो, आणि दुसरी उभ्याने. खिडकी उघडी टाकून झोपतेस. मग इथेही झोपू ना उघडी टाकून! मला वारा लागतो, पण मी टोपी घालीन… अगं, तिकडे आहे काय इतकं? रस्ता अर्धा झालेला, लिफ्ट मनात आलं तर चालणार, गेटाशी अजून वाळूचा ढीग… शेजारच्या नर्सबाई. हो. ऐकून आहे मी त्यांच्याबद्दल."

सर थोडे सरसावून बसले. नर्सबाईंवर बोलण्यासारखं त्यांच्याकडे काही होतं असं नाही, पण कुणावर तरी बोलता आलं असतं तर बरं वाटलं असतं.

"मी कुठे म्हणतो त्या वाईट आहेत? पण शेजारीण म्हणजे काही… काय केलं त्यांनी?… हो. तेव्हा… माहीत आहे मला. तू फोन केला होतास… मी येतो म्हणालो होतो ना?… म्हणालो नव्हतो?… अगं, ते तपासणीचे दिवस होते!"

तपासणीला वॉर्ड ऑफिसातून एक तपासनीस यायचा. सज्जन माणूस होता, दमलेला. दारात बूट काढून आत यायचा आणि पाणीसुद्धा घ्यायचा नाही. तो सरळ बाथरूममध्ये जायचा आणि दात घासायचे ब्रश पाहायचा. नुसते मोजायचा नाही, बोट लावून पाहायचा, ओला आहे का. दोन ओले ब्रश म्हणजे एक कुटुंब. एकही ओला नाही म्हणजे घर रिकामं. मग शेजाऱ्यांना विचारायचा, साहेब येतात का, रात्रीचे राहतात का.

सरांनी नियम पाळला, आणि शाळेत सवय असल्यामुळे गरजेपेक्षा जास्त पाळला. सुरुवातीला महिन्यातून एकदा, उजेड असताना, हातात फळांची पिशवी घेऊन ते आपल्या बायकोकडे जात, खुर्चीच्या कडेवर बसत, आणि दिवे लागायच्या आत निघत. तपासण्या वाढल्यावर त्यांनी तेही बंद केलं. लग्नाचा फोटो तिथे नेऊ दिला नाही. तो पुरावा झाला असता. तिला ताप चढला त्या आठवड्यात तपासनीस कोणत्याही क्षणी येईल अशी खबर होती. सरांनी फोनवर गोळ्यांची नावं सांगितली. पाणी भरपूर पी म्हणाले. शेजारी कुणी असेल तर हाक मार म्हणाले. तिने हाक मारली.

तपासनीस त्या आठवड्यात आलाच नाही.

"ऐकतोय… बोल तू… नाही, मधे बोलत नाही… हो… हो… हे तू कधी म्हणाली नव्हतीस… मी विचारलं नाही, बरोबर… सकाळपर्यंत? त्या बसून होत्या?… आणि ड्यूटीवर कशा गेल्या मग?… तशाच. चांगल्या आहेत म्हणजे… नाही, मनापासून म्हणतोय… अगं, मी कर वाचवत होतो. आपलाच… हो. वाचला. सगळा वाचला."

तिच्या बाजूला खाली कुणीतरी मोटारसायकल चालू करायचा प्रयत्न करत होतं. सरांना एकदम काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, आणि मग लक्षात आलं. सुरुवातीला ती तिथून बोलायची तेव्हा तिचा आवाज घुमायचा. रिकाम्या खोलीत घुमतो तसा. सर त्यावर विनोदही करायचे, की तू विहिरीतून बोलतेस का. आता आवाज घुमत नव्हता. पडदे आले असतील, पुस्तकं आली असतील, सतरंजी आली असेल. आवाज घुमायचा कधी थांबला, हे त्यांना कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. फोन तर ते दर दोन दिवसांनी करत होते. करत होते आणि वीजमीटरचे आकडे विचारत होते.

"आहे… आहे, इथेच आहे. दोन टक्केला काय सांगू?… सांगतो. विकायचं नाही म्हणून सांगतो. मालकीणबाई नाही म्हणतात… टोमणा नाही गं. खरंच आहेस ना तू… हप्ता? तो मी भरतोय तसा भरीन की… तू? तुझ्या पगारात?… अर्धा. बरं. अर्धा अर्धा. नाही, वाद घालत नाही. बघ, घातला का?… एक म्हणू? नुसतं म्हणतोय. भाव बरे आहेत सध्या, तर हे घर काढावं आणि मी तिकडे… नाही, नाही. असंच. मनात आलं म्हणून. दोन टक्के डोक्यात बसलाय माझ्या, दुसरं काही नाही… हो. घाई नको. बरोबर आहे. घाईच तर केली सगळी."

हे शेवटचं वाक्य आपण बोललो, याचं सरांनाच नवल वाटलं. पलीकडे तिलाही वाटलं असावं, कारण मोटारसायकल चालू होऊन निघून गेल्याचं स्पष्ट ऐकू आलं.

"ड्रिल मी आणून देतो… कुणाबरोबर पाठवायचं कशाला, अगं! जड असतं ते. आणि तुला धरता येतं का नीट? हिसका देतं… येतं? कधी शिकलीस?… नर्सबाईंनी. त्यांना सगळंच येतं. मग त्यांच्याकडचंच का नाही… बिघडलं. बरं झालं. म्हणजे, वाईट झालं. रविवारी येऊ?… गिऱ्हाईक कुठलं, मीच. एकटा… चालेल? अकराला? अकराला येतो… नाही, जेवण नको, तू नको त्रास घेऊस. तू म्हणत नव्हतीसच? हो, मला वाटलं म्हणालीस. चहा. चहा पुरे, चहा खूप झाला… आणि तू कुठे खाली गेलेली असलीस तरी किल्ली आहे माझ्याकडे, मी आपला… हो. बरोबर. बेल वाजवतो."

सर उठले. कपाट पुन्हा करकरलं.

"आरशासाठी मापाने भोकं पाड हं, आधी पेन्सिलने खुणा कर. नाहीतर राहू दे, मी धरीन, तू पाड… तू धर? चालेल, मी पाडतो. कसंही… नाही, भिंत खराब होईल म्हणून नाही म्हणत. होऊ दे खराब. तुझी भिंत आहे… हां. ठेवू मग?… ठेवतो. अगं, एक मिनिट. एक विचारू? आता तो तपासनीस काही येणार नाही. बंदच झालं ना ते. म्हणजे आता कुणी मोजणार नाही… काय म्हणजे, ते आपलं… ब्रश. मी म्हणत होतो, रविवारी येताना मी माझा ब्रश घेऊन… हॅलो?… हॅलो? ऐकू येतंय?… हॅलो?"

फोन तुटला होता. तिकडे तो असाच तुटायचा. सॅम्पल फ्लॅटच्या रंगीत पत्रकात बाग होती, पोहण्याचा तलाव होता, फोन तुटेल असं कुठे लिहिलं नव्हतं. प्रश्नाच्या आधी तुटला की नंतर, हे कळायला मार्ग नव्हता. पुन्हा लावून विचारता आलं असतं. सरांनी लावला नाही.

ड्रिल गॅलरीतल्या पेटीत सापडलं. त्यांनी ते फडक्याने पुसलं, वायर गुंडाळली, भिंतीत ठोकायच्या प्लॅस्टिकच्या नळ्या बरोबर घेतल्या, आणि सगळं एका पिशवीत घालून पिशवी दाराशी ठेवली. मग ते बाथरूममध्ये गेले. पेल्यात ब्रश एकटाच उभा होता. तो घ्यायचा की नाही हे ठरायचं होतं, पण हातात घेतल्यावर त्यांनी सवयीने आधी बोट लावून पाहिलं.

कोरडा होता. तपासनिसाच्या हिशेबाने या घरात कुणीच राहत नव्हतं.